उकिरड्याची बखर

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या भागात अंगणात शेणाचे पांडव मांडतात. पहाटे गोठ्यातले ताजे शेण घेऊन आई ते वळायची, त्यांच्या डोक्यावर रानफुले खोचायची, पुढे पणती ठेवायची. शेजारच्या कन्नड घराच्या अंगणातही तेच पांडव असत, फक्त आरतीचे शब्द निराळे. त्या दिवशी शेणाला हळदकुंकू मिळे. वर्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवशी त्याला काय मिळे, हे ज्याने पहाटे गोठ्यात बुट्टी भरली आहे त्यालाच ठाऊक.

मी इतिहास शिकवतो. गेली तीस वर्षे लढाया, तह आणि कायद्यांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. ज्या कामावर आमच्या तालुक्यातली निम्मीअधिक घरे जगली, त्याची सनावळी मात्र कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. शेतीचा इतिहास म्हटला की धारा, सावकारी, दुष्काळ आणि धरणे येतात. उकिरडा येत नाही. म्हणून या दिवाळीला थोडे त्याच्याविषयी लिहावे म्हणतो. वाचकांनी फराळाचे ताट अंमळ बाजूला ठेवून वाचावे.

आधी शब्दांचे पाहू. आम्ही शेण म्हणतो, पलीकडच्या घरात सगणी म्हणतात. आमचा उकिरडा ती त्यांची तिप्पे. आमची शेणी, त्यांचे कुळ्ळू. ती ज्या टोपलीतून वाहायची ती बुट्टी मात्र दोन्ही भाषांत एकच. भाषेवरून या जिल्ह्यात काय काय झाले ते सर्वांना माहीत आहे, पण बुट्टीवरून कधी वाद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मूल जगत नसेल तर पुढच्या मुलाला केरकचऱ्याचे नाव ठेवायची रीतही दोन्हीकडे होती. आमच्याकडे केरबा आणि उकर्डा, त्यांच्याकडे तिप्पण्णा. उकिरड्यावर टाकलेले पोर यमालाही नकोसे वाटेल, असा त्यामागे हिशोब. एकीकडे आम्ही ‘शेण खाल्ले’ ही शिवी म्हणून वापरतो, आणि दुसरीकडे मुलाचा जीव वाचवायला त्याच उकिरड्याच्या पदराआड जातो.

आता कामाचे. हे काम ज्यांनी केले नाही त्यांना ते ‘गोठा साफ करणे’ एवढ्या तीन शब्दांत मावेलसे वाटते. आमच्या घरी दोन बैल, एक म्हैस आणि तिचे रेडकू असे. एका जनावराचे दिवसाचे शेण दहा-बारा किलो धरले, म्हशीचे थोडे अधिक आणि रेडकाचे थोडे कमी, तर रोज पस्तीस किलोच्या आत काही येत नाही. वर्षाचे झाले बारा हजार किलोंच्या वर. हे सारे हाताने भरायचे, डोक्यावर घ्यायचे आणि परड्यातल्या खड्ड्यात नेऊन टाकायचे. हा आकडा मी अलीकडेच कागदावर मांडला. आईला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “आणि मूत कुठं धरलास त्यात?”

खरेच, मूत धरले नव्हते. गोठ्याची जमीन मातीची. रात्रभर जनावरे मुतत, ते जमिनीत मुरे, आणि पावसाळ्यात मुरायचेही थांबे. दावणीपाशी गुडघ्याएवढा नाही तरी घोट्याएवढा राडा होई. त्यात उभे राहून म्हशीचे मागचे पाय धुवायचे, मग धार काढायची. शेपटीचा फटकारा तोंडावर बसला की डोळ्यांत काय गेले हे विचारायचे नाही. जनावरांच्या कानात गोचीड, पाठीवर गोमाश्या. खुरात जखम होऊन किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस भरायचा, आणि किडे बाहेर पडेपर्यंत पाय धरून बसायचे. म्हैस व्याली की जार पडेपर्यंत राखण करायची, कारण कुत्री टपलेली असत. तो पडला की रात्री दोन वाजता कंदील घेऊन परड्यात खड्डा खणायचा. हे सर्व झाल्यावर घरच्या बाईने राखेने हात घासून भाकरी थापायला बसायचे. मी शाळेला निघताना हात दगडावर घासून घासून लाल करीत असे, तरी पाटीवर वास यायचाच. आमच्या वर्गात पेठेतली मुले होती. ती नाक धरीत.

उन्हाळ्यात शेणी थापायच्या. शेणात भाताचा कोंडा किंवा पिंजराचा भुगा मिसळून पायाने तुडवायचे आणि हाताने थापायचे. वाळल्या की त्यांचा हुडवा रचून वर गवत घालायचे, म्हणजे आषाढातही चूल पेटे. आमच्या वयाच्या मुली गायरानात गुरांमागे बुट्टी घेऊन फिरत. पो पडला की जी आधी त्यावर खडा ठेवी तिचा तो. या खड्यावरून झालेली भांडणे गावच्या बांधावरच्या भांडणांपेक्षा कमी कडवट नव्हती. उरलेले शेण, राख, चुलीपुढचा केर, गव्हाणीत जनावरांनी टाकलेली चघळ असे सगळे उकिरड्यात जाई. चैत्र-वैशाखात खड्डा उपसायचा. वरचा थर कोरडा आणि खालचा गरम, वाफ येणारा. त्यात हुमणीच्या जाड पांढऱ्या अळ्या, कधी विंचू. गाड्या भरून खत शेतात नेऊन छोटे छोटे ढीग करायचे, ते विसकटायचे, आणि मग धूळवाफेवर भात पेरायचे. ज्यांच्याकडे खत कमी पडे ते धनगरांना सांगून शेतात मेंढरे बसवीत. रात्रभर कळप शेतात बसला की सकाळी लेंड्या आणि मूत जागच्या जागी. धनगराला धान्य द्यायचे, जेवण द्यायचे. सगळ्या पद्धतींत कमी कष्टाची हीच, म्हणून ती सर्वांना परवडत नसे.

याची दखल लिहिणाऱ्यांनी कधी घेतली? सगळ्यांत आधी ज्यांनी ती मनापासून घेतली त्यांत महात्मा फुले येतात. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी कुणब्याच्या घरादाराचे आणि त्याच्या हलाखीचे वर्णन केले ते कुठलाही आडपडदा न ठेवता. बडोद्याला सयाजीराव महाराजांना त्यांनी या ग्रंथाचा काही भाग वाचूनही दाखवला होता. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने अडवली, जनावरे चारायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. जनावर नाही तर शेण नाही आणि शेण नाही तर पीक नाही, ही साखळी त्यांना स्पष्ट दिसत होती. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या जीवजंतूंचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर ओढ्याने वाहून जाते, ते बांध घालून शेतात मुरवावे, असेही त्यांनी सुचवले. खताविषयी इतक्या आस्थेने लिहिणारा समाजसुधारक मला तरी दुसरा आठवत नाही.

दुसरा माणूस साहेब. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांना 1889 मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला पाठवले गेले. त्यांचा अहवाल 1893 मध्ये छापला गेला. त्या काळी साहेब लोकांत बोलले जाई की इथला शेतकरी अडाणी, सोन्यासारखे शेण चुलीत घालतो. व्होएल्कर यांनी फिरून पाहिले आणि लिहिले की शेतकरी शेण जाळतो ते सरपण मिळत नाही म्हणून. जिथे लाकूड मिळते तिथे तो ते शेतातच घालतो. यासाठी गावोगाव सरपणाची आणि चाऱ्याची राखीव राने करा, असे त्यांनी सरकारला सांगितले. सरकारने अहवाल छापला. चूल मात्र शेणीवरच राहिली. हे सगळे वाचताना मला एक गोष्ट खटकते. चूल पेटवणारी बाई या चर्चेत कुठेच नाही. शेणीचा जाळ मंद असतो, त्यावर दूध उतू जात नाही, भाकरी करपत नाही, आणि ती फुकट असते. पण हे तिला कुणी विचारले नाही.

तिसरी गोष्ट इंदूरची आहे. इथल्या बऱ्याच वाचकांचे सोयरे होळकरांच्या त्या शहरात आहेत, त्यांनाही ती कदाचित माहीत नसेल. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल यांच्यासह पुसा येथून इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. संस्था मुख्यतः कापसासाठी होती, पण हॉवर्डना जगभर नाव मिळवून दिले ते उकिरड्याने. तिथे बसवलेली कंपोस्टची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि 1931 मध्ये तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डना नंतर ‘सर’ किताब मिळाला, आज सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून जगभर त्यांचे नाव घेतात. वाडांचे नाव कुणी घेताना मी ऐकले नाही.

ती पद्धत पाहण्यासारखी आहे. शेतातला कचरा आधी जनावरांखाली अंथरायचा, म्हणजे मूत त्यात शोषले जाते. तुरीच्या-कापसाच्या टणक काड्या गाडीवाटेवर पसरायच्या, म्हणजे चाकांखाली त्या आपोआप ठेचल्या जातात. गोठ्यातली मूत मुरलेली माती दर काही महिन्यांनी खणून काढायची आणि तिथे नवी भरायची. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोनच फूट खोल अशा खड्ड्यात कचरा, शेणाचा काला, मूतमाती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, आणि तीन वेळा सगळे वरखाली करायचे. तीन महिन्यांत खत तयार. आमच्या आजीच्या खड्ड्याला वर्ष लागे, आणि तिच्या खड्ड्यातले निम्मे सत्त्व उन्हापावसात जाई. जनावराच्या अंगातून जे नत्र बाहेर पडते त्याचा जवळजवळ निम्मा वाटा मुतात असतो. आईचा प्रश्न किती नेमका होता ते मला हे वाचून कळले. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला गेले होते, त्यांनीही ही पद्धत ‘हरिजन’ पत्रातून लोकांपुढे मांडली.

असे असूनही ती आमच्या परड्यापर्यंत का आली नाही? शेतकरी आळशी म्हणून, असे उत्तर मी कृषिखात्याच्या शिबिरांत ऐकले आहे. मला ते पटत नाही. इंदूरला खड्डे भरायला आणि उलथायला मजूर होते, पाणी होते, बैलांच्या अनेक जोड्या होत्या. दोन एकरवाल्याच्या घरी खड्डा तीनदा उलथायचा तो कुणी? शेण काढून, पाणी भरून, भाकऱ्या करून जी बाई भांगलणीला जाते तिनेच. तिचा तास कुणाच्या हिशोबात धरलेला नव्हता. उन्हाळ्यात जिथे पिण्याचे पाणी अर्ध्या मैलावरून आणावे लागे, तिथे उकिरड्यावर घागर ओतायला कोण सांगणार? पद्धत चांगली होती, पण ती घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक बुट्टी ठेवीत होती.

आणि ही बुट्टीसुद्धा सर्वांत खालची नव्हे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ या 1915 च्या पुस्तकात बलुतेदारीची सारी मांडणी आहे. तीत महारांच्या वाट्याला आलेली कामे वाचली की शेतीतली घाण कशी वाटून दिलेली होती ते दिसते. शेण आमचे, मेलेले ढोर त्यांचे. ढोर ओढून नेणे हा त्यांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क या शब्दाची याहून क्रूर थट्टा मराठीत सापडणार नाही. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या ढोरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे ढोरे ओढणेही नाकारण्याची चळवळ गावोगाव पसरली. कायदा मागाहून आला, आणि आमच्या भागात तर दोन वाटांनी आला. 1956 मध्ये हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यामुळे घाटाच्या एका अंगाला मुंबई राज्याचा 1958 चा कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा लागू झाला, दुसऱ्या अंगाला म्हैसूरचा 1961 चा.

माझ्या लहानपणी, 1970 च्या दशकाच्या अखेरीला, आमची म्हैस पावसाळ्यात मेली. रिवाजाप्रमाणे खालच्या वस्तीत निरोप गेला. तिथून उत्तर आले, आता आम्ही ते काम करत नाही. दिवसभर म्हैस परड्यात पडून होती. संध्याकाळी वडिलांनी आणि काकांनी दोर लावून, फळीवर घालून ती ओढली आणि बांधाच्या कडेला भर पावसात पुरली. आजीने दोघांना अंगणातच आंघोळ घातली आणि रात्री कुणीच धड जेवले नाही. घरात तेव्हा त्या वस्तीविषयी बरेच वाईट बोलले गेले. मीही त्यात मान डोलावली असेल. आपल्या मेलेल्या म्हशीला दोर आपणच लावायचा, यात वावगे काय होते, हा प्रश्न पडायला मला एम.ए. होऊनही पुष्कळ वर्षे लागली.

घाट उतरला की कणकवली. तिथल्या अप्पासाहेब पटवर्धनांना हा प्रश्न फार आधी पडला होता. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली म्हणून त्यांनी उपास आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत आणि शेणाचा गॅस यांवर आयुष्य वेचले. सोनखत हा शब्द आपल्याकडे जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याभोवतीचे उसाचे मळे त्यावर पिकत. सोने सर्वांना हवे होते, ते उचलणारा हात कुणाला नको होता. अप्पासाहेबांनी तो हात स्वतःचा केला.

मग युरिया आला, आणि उकिरड्याची सद्दी संपली. इथे थोडे गणित करू, कारण गणितावाचून हा बदल समजत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकडा अर्धा. अर्ध्या टनाची एक गाडी धरली तर त्यात नत्र अडीच किलो. युरियात ते शेकडा 46. पूर्वीच्या पन्नास किलोंच्या एका पोत्यात नत्र झाले तेवीस किलो, म्हणजे नऊ गाड्या. (2018 पासून पोते 45 किलोंचे झाले, तरी आठ गाड्या आहेतच.) वर्षभर डोक्यावरून वाहिलेले, वैशाखात नऊ खेपा करून नेलेले जे होते, ते वडिलांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून बाजारातून आणले. युरियाने जमीन बिघडली, तिच्यातला जिवंतपणा गेला, हे भाषणांत मीही सांगतो, आणि ते खोटे नाही. नत्राखेरीज शेणखत जे देते ते पोत्यात नसते. पण त्या पहिल्या पोत्याकडे आई ज्या नजरेने पाहत होती ती मला आठवते. सेंद्रिय शेतीवर बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कधी बुट्टी उचललेली असते, हेही खरे. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, गॅसच्या टाक्या आल्या, शेणी गेल्या. 2020 मध्ये छत्तीसगड सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली तेव्हा मला आपली म्हण आठवली, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. उकिरड्याचा फिटला असेल. तो वाहणारीचा फिटला का, ते पाहायला हवे.

हे म्हणायचे कारण सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी रोज प्रार्थना संपल्यावर शाळेत येई. शिस्त म्हणून मी तिला आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले. सातव्या दिवशी कारण विचारले. खरे तर ते पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. ती खाली पाहत म्हणाली, “आई दवाखान्यात हाय, सर. चार म्हशी हाईत. शेण काढून येतो.” आमच्या भागात बायकाही ‘येतो’ म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले. ती बोलताना हात पाठीमागे धरून उभी होती. तसे हात का धरतात ते मला चांगले माहीत होते, आणि तरी आठवडाभर मी ते पाहिले नव्हते.

त्यानंतर एका तासाला मी सनावळ्या बाजूला ठेवल्या आणि वर्गाला सांगितले, आज सकाळी सातच्या आत तुमच्या घरात कोणी कोणते काम केले ते लिहा. मुलांनी दोन-दोन ओळी लिहून वह्या मिटल्या. मुलींपैकी काहींना पान पुरले नाही. एकीने तर विचारले, सर, कालच्या रात्रीचे पण लिहायचे का? त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. या जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास कुणाला खरोखर लिहायचा असेल तर गॅझेटिअरच्या शेजारी त्याही ठेवाव्यात.

आमच्या गोठ्यात आता मोटारसायकल असते. गेल्या पाडव्याला शेण शेजारच्या पोराकडून आणले; त्याच्याकडे संकरित गाई आहेत. आई ऐंशीच्या पुढे आहे, तरी पांडव तिनेच वळायचे असा तिचा हट्ट. पण पेंड आणि ओला चारा खाणाऱ्या गाईचे शेण पातळ, पांडव काही उभे राहीनात. धर्मराज बसका झाला, भीम आडवा झाला. तिने थोडा वेळ पाहिले आणि मला म्हणाली, “जा, कुठं पिंजार मिळतंय का बघ. तुडवावं लागंल हे.” मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अंगणात शेणात उतरलो. शेजारच्या कन्नड आजी कट्ट्यावरून पाहत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “कै केसरादरे बायी मोसरु, मास्तर.” हात चिखलात तर तोंडात दही. आई आतून ओरडली, “दही नंतर दे म्हणाव. आधी नीट तुडवू दे त्याला.”